मोकळी जागा

ग्रामसेवकानं माझा उजवा हात धरला, अंगठा शाईच्या पॅडवर दाबला आणि माझ्याच अर्जावर, माझ्याच नावावर उमटवला. नाव मी टाकानं लिहिलं होतं, शिरोरेघ सरळ ठेवून. त्यानं माझा हात उचलला तेव्हा त्या नावातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं.

त्याआधी सरपंचांनी अर्ज हातात धरून बघितला होता. मी ग्रामपंचायतीच्या पायरीवर उभा. आत बाकावर गावातली चार-पाच माणसं.

"हे कोणी लिहून दिलं?"

"मीच लिवलंय."

"आणि ही सही?"

"माझीच हाय."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. ते कधीच आवाज चढवत नसत. ग्रामसेवकाला म्हणाले, "वारल्यांचा अंगठा असतो. सही असली तर उद्या कोणी विचारेल, ही कुणाची. अंगठा घ्या याचा."

मी म्हणालो, मला सही येते, मी सातवी पास आहे. कोणी ऐकलं नाही. ग्रामसेवक खाली बघत माझ्याजवळ आला. त्याचा हात थंड होता. बाकावरचं कोणी हसलंही नाही. हसण्यासारखं काही घडलंय असं त्यांना वाटलंच नाही.

मी राखेनं अंगठा घासला. वाळूनं घासला. कातडी सोलवटली, शाई नखाच्या कडेला राहिलीच. आईनं बघितलं. 

तेव्हा मी एकोणीस-वीस वर्षांचा होतो. आमचं गाव बोईसर आणि चिंचणीच्या मधलं. तारापूरच्या बाजूला मोठं सरकारी काम निघालं होतं, साठ सालानंतरची ही गोष्ट. स्टेशनावरून ट्रक आणि जिपा आमच्या रस्त्यानं जायच्या. मी त्या कामावर आधी रेती वाहायचो. मग मला वाचता येतं हे कळल्यावर मुकादमानं हजेरीची वही माझ्याकडं दिली. हातात पहिल्यांदा दर आठवड्याला पगार यायला लागला. आणि मला घर हवंसं वाटायला लागलं. त्याच सुमाराला पंचायतीनं दवंडी दिली, गावठाण वाढवायचंय, ज्यांना घर बांधायचंय त्यांनी जागेसाठी अर्ज करावा, पंचायत जागा विकत देणार. दवंडीत कोणाची जात सांगितली नव्हती. म्हणून मी अर्ज केला.

आमची झोपडी सरपंचांच्या वाडीत होती. त्यांना सगळे आप्पा म्हणत. आई त्यांच्या नारळांना आणि चिकूला पाणी लावायची, त्याबदली राहायला जागा. जागा म्हणजे काय, तर जिथं त्यांना अडचण होत नाही तिथं. कौलं घालायची नाहीत. झाड लावायचं नाही. तीन वेळा आम्ही झोपडी हलवली. एकदा विहिरीच्या इंजिनासाठी. एकदा चिकूच्या कलमांसाठी. तिसऱ्यांदा बैलगाडीची वाट सरळ करायची म्हणून. त्या वेळी बा आजारी होता. त्याला खाटेसकट उचलून बाहेर ठेवलं आणि आम्ही भिंतींचे कुड सोडवायला लागलो. तो उन्हात पडून आमच्याकडं बघत होता. त्या पावसाळ्यात तो गेला.

आईकडं उखळ नव्हतं. उखळ जमिनीत पुरावं लागतं, आणि एकदा पुरलं की ते हलत नाही. म्हणून भात कांडायला ती सोमी मावशीकडं जायची. सोमी मावशी आईच्या माहेरच्या गावची. तिचं घर रस्त्याच्या कडेला, पंचायतीच्या जमिनीवर. तिच्या सासऱ्यानं बांधलेलं. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर, मागं एक पडवी आणि पडवीत उखळ. कागद कसलाच नाही. तिच्या नवऱ्याला, देवजीला, कोणी कागद मागितलाही नव्हता. लहानपणी मी त्या पडवीत बसून आईच्या मुसळाखालून उडालेले तांदूळ गोळा करायचो. मावशी माझ्या मुठीत आणखी घालायची.

अंगठ्याची ही गोष्ट मी आजवर पुष्कळ ठिकाणी सांगितली. पाड्यांवर, मोर्च्यात, एकदा पालघरला सभेत माइकवर सांगितली. ऐकून लोक चिडतात. माझ्या बाजूनं चिडतात. ते मला आवडायचं. मी नेहमी इथंच थांबायचो.

पुढचं मी लोकांना सांगत नसे. ते आज सांगतो.

दिवाळी झाली. भाताची कापणी उरकली आणि पाड्यावरची माणसं दरवर्षीसारखी कामाला बाहेर पडली. आधी गवत कापायला, मग मिठागरांवर. सोमी मावशी, देवजी आणि त्यांची तीन पोरं पण निघाली. मी कामावरून येत होतो. मावशी दाराला दोरी बांधत होती. मला बघून म्हणाली, "पोरा, येता-जाता लक्ष ठेव." मी बरं म्हणालो.

त्यानंतर महिन्याभरानं आप्पांनी मला बोलावलं. मी पायरीवर उभा राहिलो. त्यांनी आत बोलावलं. स्टूल दिलं. त्या स्टुलावर बसताना माझी पाठ किती ताठ झाली होती ते मला अजून आठवतं.

आप्पा म्हणाले, तुझा अर्ज मंजूर करायचं ठरतंय. जागा आखून झाल्यात. एक तुला. रस्त्याच्या कडेची नाही, तिच्या मागची, पण गावठाणातली. फक्त जागेचा पंचनामा व्हायचाय. दोन पंच लागतात. एक आमचा माणूस आहे. दुसरा तुमच्यातला असला तर बरं, पुढं कोणी बोट दाखवायला नको. आणि त्याला लिहितावाचता आलं पाहिजे.

ग्रामसेवकानं कागद माझ्यापुढं सरकवला. मी तो वाचला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. मला फसवलं असं मी कधी म्हणू शकणार नाही. त्यात लिहिलं होतं: समक्ष पाहणी केली असता सदर जागा मोकळी व पडीक असून तेथे कोणाचेही घर, गोठा अथवा वहिवाट नाही.

चतुःसीमा वाचल्या आणि कळलं. पूर्वेला रस्ता, उत्तरेला आंबा. सोमी मावशीचं घर. त्याचे दोन तुकडे केले होते. रस्त्याकडचा आप्पांच्या पुतण्याला, दुकानासाठी. मागचा, पडवीचा, मला.

मी म्हणालो, "तिथं सोमी मावशीचं घर हाय."

आप्पा म्हणाले, "आत कोणी माणूस आहे का? जा, बघून ये."

मी उठलो. गेलो. दाराला दोरी बांधलेली होती. कुडाच्या फटीतून आत बघितलं. चूल थंड. कोपऱ्यात सूप, मडकी, एक फाटकी टोपली. मी परत आलो.

"कोणी आहे?"

"नाय."

"मग कागदात काय खोटं आहे?"

मी सही केली. माझी. पूर्ण नावाची. आप्पांनी कागद उचलून बघितला आणि म्हणाले, "अक्षर छान आहे रे तुझं."

मला बरं वाटलं. हे सांगायला सगळ्यात जड जातं. भीतीपोटी केलं म्हणालो असतो तर लोकांनी माफ केलं असतं. भीती होतीच. पण त्या क्षणी त्या माणसानं माझं अक्षर छान म्हटलं आणि मला बरं वाटलं.

घर मीच उतरवलं. आप्पा म्हणाले, तुमच्यातलंच आहे, तूच नीट सोडव. बरोबर दोन गडी दिले. दाराची दोरी मी कापली नाही. गाठ सोडवत बसलो. जणू त्यानं काही कमी होणार होतं. कुड नीट रचून ठेवले, मडकी, सूप, टोपली गोणपाटात बांधून आमच्या झोपडीमागं ठेवली. आईला सांगितलं की पंचायत गावठाण साफ करतेय, मावशीचं सामान मी सांभाळून ठेवलंय. तिनं विचारलं, मग ती येईल तेव्हा कुठं राहील. मी म्हणालो, पंचायत बघेल.

उखळ निघालं नाही. खोल पुरलेलं होतं. मी त्यात माती भरली आणि वरून धुमस मारून जमीन सपाट केली.

मग रोज कामावरून आल्यावर मी जोतं बांधायला लागलो. दगड स्वतः आणले. पंचायतीचा शिक्का असलेला कागद एका डब्यात घालून ठेवला होता, तो मधूनच काढून बघायचो. पुढं आप्पांच्या पुतण्याच्या दुकानाच्या भिंती विटांच्या उठत होत्या. तो मला कधीकधी हाक मारून पाणी मागायचा, म्हणजे मी त्याचा शेजारी झालो होतो. मला तेही बरं वाटायचं.

जोतं गुडघ्याइतकं वर आलं तेव्हा आईला बघायला घेऊन गेलो. ती रस्त्यावरच थांबली. मग आंब्याकडं बघत हळूहळू मागं आली. माझ्या जोत्याच्या आत आली आणि पायानं जमीन चाचपत एका जागी उभी राहिली. बरोबर त्याच जागी.

"इथं मी भात कांडलाय," ती म्हणाली.

मी डबा उघडला, कागद दाखवला, शिक्का दाखवला. आपल्याला आता कोणी हलवणार नाही, कौलं घालू, तुला हवं ते झाड लाव, असं सगळं बोललो. ती ऐकत होती की नाही माहीत नाही. निघून गेली. त्या जागेवर ती पुन्हा आली नाही.

वैशाख संपता संपता पाड्यावरची माणसं परतायला लागली. एका दुपारी मी दगड बसवत होतो. स्टेशनाकडून पाच जण चालत येताना दिसले. देवजी पुढं, डोक्यावर गाठोडं. मिठागरावर काम केलेल्या माणसाच्या पायांना भेगा असतात, तो टाचा टेकत नव्हता. मागं पोरं. शेवटी मावशी. मी आंब्यामागं जाऊ शकलो असतो. विचार आला होता. पाय हलले नाहीत.

ती दुकानासमोर थांबली. बाजूनं वळून मागं आली. माझ्याकडं बघितलं, जोत्याकडं बघितलं. मग इकडंतिकडं, आपण चुकीच्या ठिकाणी आलो की काय असं बघतात तसं.

"पोरा, घर कुठं?"

मी डबा काढला. तेवढंच मला सुचलं. कागद तिच्यापुढं धरला.

"काय लिवलंय?"

तिनं विचारलं म्हणून मी वाचून दाखवलं. पंचनाम्याची नक्कल त्याच्याबरोबर होती, तीही वाचली. कोणाचेही घर, गोठा अथवा वहिवाट नाही. मोठ्यानं वाचताना ते वाक्य किती लांब वाटलं. वहिवाट म्हणजे काय, तिनं विचारलं. मी सांगितलं, राहणं, वावरणं.

"हे कोणी लिवलं?"

ग्रामसेवकानं, असं म्हणता आलं असतं. ते खरंच होतं.

"सही माझी हाय," मी म्हणालो.

ती रागावली नाही. नीट विचार करून बोलल्यासारखी म्हणाली, "मग आमी कुठं ऱ्हात होतो?"

ती खरंच विचारत होती. उत्तर मिळेल अशी वाट बघत होती. देवजीनं गाठोडं डोक्यावरून खाली ठेवलं नव्हतं. धाकटं पोर माझ्या जोत्यावर चढून बसलं होतं.  तिनं पोराला हाताला धरून उतरवलं आणि ती सगळी चालायला लागली.

संध्याकाळी मी देवजीला घेऊन आप्पांच्या ओटीवर गेलो. हे मी केलं, तेवढं खरं. आप्पा झोपाळ्यावर होते. म्हणाले, यांना कुठंही चालतं, खाडीच्या बांधावर जागा आहे, चार काठ्या उभ्या करा. देवजीला पाठवून दिलं आणि मला थांबवलं.

"पंचनामा खोटा आहे असं कोणी म्हणालं," ते म्हणाले, "तर त्यावर सही कोणाची आहे? माझी नाही. आणि तुझी आई अजून माझ्या वाडीत राहते."

मी घरी आलो. अकरा दिवस गप्प राहिलो. त्यातले तीन दिवस मी जोत्यावर कामही केलं. हात आपोआप दगड उचलायचे. कोणी विचारलं तर सांगायचो, पाऊस तोंडावर आलाय.

मावशीनं खाडीच्या बांधावर झावळ्यांचं खोपट घातलं होतं. भरतीला पाणी जवळ यायचं. आई रोज वाडीतलं काम संपवून तिकडं जायची. एका संध्याकाळी ती आली, चूल पेटवली नाही, आपलं दुसरं लुगडं घडी करून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "मी उद्यापासून तिच्याकडं ऱ्हाते. तू तुज्या घरात ऱ्हा."

एवढंच. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. मला तिच्या तोंडून 'तुज्या' हा शब्द ऐकू आला आणि माझ्याकडं उरलं काय ते कळलं. गुडघ्याइतके दगड आणि एक डबा.

त्याच आठवड्यात पंचायतीची सभा होती. जागांची विक्री कायम करायला पालघरहून साहेब आले होते. ग्रामसेवक एकेक नाव वाचत होता. माझं नाव आलं. साहेबांनी सवयीनं विचारलं, कोणाची हरकत?

मी पायरीवर होतो. आत गेलो. कोणी बोलावलं नव्हतं.

"माझी हरकत हाय. पंचनामा खोटा हाय. तिथं सोमी मावशी आणि देवजी ऱ्हात होते. तीन पोरं होती. मला म्हायीत होतं. मी तरी सही केली. त्यांचं घर मीच पाडलं."

आप्पा म्हणाले, याला उन्हाचा त्रास झालाय. बाकावरचे लोक या वेळी हसले. मी तिथंच उभा राहिलो. साहेब वैतागले. ते वाईट नव्हते, त्यांना परतीची गाडी पकडायची होती. म्हणाले, तू काय बोलतोयस ते कळतंय का? जागा जाईल, वर तुझ्यावरच खटला होऊ शकेल. मी म्हणालो, होऊ द्या, पण आधी लिहून घ्या. पुढच्या, दुकानाच्या जागेचं पण लिहा, तेच घर, तोच पंचनामा.   आप्पा माझ्याकडं बघत होते आणि जन्मात पहिल्यांदा मी खाली बघितलं नाही.

"बाहेर जा," ते म्हणाले.

"लिवून झाल्याशिवाय जायाचा नाय," मी म्हणालो.

शेवटी ग्रामसेवकानंच कोरा कागद दिला. मी खाली बसून सगळं लिहिलं. जोत्याचं, धुमस मारल्याचं, सगळं.

खटला झाला नाही. माझी जागा रद्द झाली. पुतण्याचं दुकान राहिलं. भिंती उभ्या आहेत, आता काय करणार, असा शेरा पडला. म्हणजे मी बोललो त्यातलं अर्धंच धरलं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांचा माणूस आला, वाडी रिकामी करा म्हणून. मी सभेत बोललो ते ऐकून आई बांधावरून परत आली होती, ती तयारच होती. आम्ही कामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये राहायला गेलो. तिथं सगळे हिंदी बोलायचे. आईला एक शब्द कळायचा नाही. ती तिथं सहा वर्षं राहिली आणि तिथंच गेली. तिला कौलाचं घर मी दिलं नाही.

मागची अर्धी जागा मोकळी झालीय हे सांगायला मी बांधावर गेलो तेव्हा खोपट रिकामं होतं. भरतीचं पाणी आत शिरलं होतं. ती सगळी मनोरच्या बाजूला डोंगरात, देवजीच्या भावाकडं गेली होती. मी गोणपाटातलं सामान डोक्यावर घेऊन गेलो. दीड दिवस चाललो. मावशी भाताची रोपं उपटत होती. चिखलातून वर आली. मी सभेत काय बोललो ते सांगितलं, जागा अर्धी सुटलीय, परत चला म्हणालो.

तिनं गोणपाट सोडलं. सूप बघितलं, मडकी बघितली. पाणी दिलं. मी पाणी प्यायलो.

"तू बोललास, आयकलं आमी," ती म्हणाली. "पण पाडलंस पण तूच. आता तिथं मला झोप यायाची नाय. जा तू."

मी माफी मागायला तोंड उघडलं होतं. ते मिटलं. ती वाकून परत रोपं उपटायला लागली. मी आलो त्या वाटेनं खाली उतरलो.

ती परत आली नाही. अर्धी जागा दोन वर्षांनी दुसऱ्या कोणाला तरी विकली गेली. मी तेव्हा हरकत घेतली, ती फेटाळली. माझ्या जोत्याचे दगड त्याच्या घरात गेले.

माझ्यावर झालेला अन्याय खरा आहे. पण मी तो ढालीसारखा पुढं धरून चाललो, आणि मागं मी काय केलं ते माझी गोष्ट ऐकणाऱ्यांना दिसू दिलं नाही. ज्यानं मला पायरीवर उभं केलं, त्याच्या एका स्टुलासाठी मी आपल्या माणसांना जमिनीवरून पुसून टाकलं. आप्पांना मी माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही. दोन्ही कामं मला करायची नाहीत.

मावशीकडून डोंगर उतरताना एक ठरवलं, ते मात्र चालू आहे. या तालुक्यात कुठंही मोजणीची साखळी पडली, कुठल्याही पाड्याच्या कडेला कोणी झेंडे रोवायला लागलं, की मी तिथं जातो. साहेब म्हणतात, जागा मोकळी आहे. मी म्हणतो, राहणारी माणसं कामाला गेलीत, नावं सांगतो, लिहून घ्या. ते म्हणतात, तू कोण? मी म्हणतो, खोटा पंच. खोटा पंचनामा कसा करतात ते मला ठाऊक आहे. मग मी तिथंच बसतो. एकदा दोन दिवस बसलो, एकदा नऊ. माणसं परत येईपर्यंत उठत नाही. पोलिसांनी दोनदा उचलून नेलं. सुटलो की परत तिथंच जाऊन बसलो.